चोविसावी खिडकी

सानगडी, ता. साकोली
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रिता हिला मामाचा नमस्कार आणि आशीर्वाद. भाचीच्या पाया पडायची आपल्याकडची रीत, म्हणून नमस्कार आधी. वय सत्तरच्या पुढं गेलं, म्हणून आशीर्वाद मागून.

शकुनबाईचे गुडघे कसे आहेत? मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली दिली होती ती लावते की फळीवर मांडून ठेवली? बहीण माझी आहे, मला तिची सवय ठाऊक आहे. जावई राजकुमारचा खोकला उतरला का? पाळी संपवून खाणीतून वर आला की गुळाचा खडा खायचं विसरू नको म्हणावं. तुझी मान दिवसभर कॉम्प्युटरपुढं वाकून धरायची, ती आता कशी आहे? आणि शेजारचा तो न बोलणारा गोलू, जो तुझ्याकडं शिकायला येतो? इकडं अनुपची पाठ धानाच्या रोवणीत वाकून वाकून धरली होती, आता सुटली. सून अंजूला पित्त आहेच. माझा उजवा कान गेलाच होता, आता डाव्यातही कापूस कोंबल्यासारखं झालं आहे. बाकी तब्येत रेडिओसारखी आहे, दोन थापा मारल्या की चालते.

चंदाचं शेवटी लिहितो.

अनुपची पोरगी आता नऊ वर्षांची झाली. बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर ‘स्वमग्न’ लिहून दिलं त्याला चार वर्षं झाली. ते तुला ठाऊकच आहे. गेल्या मंगळवारी दुपारी चार वाजता ती दारातून निघाली. आम्हाला पत्ताच नाही. अर्ध्या तासानं तलावाच्या पाळीवर, बांधाच्या कडेला, मासे विकणारी गोदावरीबाई तिला दंडाला धरून घेऊन आली. पोरगी मांडीपर्यंत ओली. गोदावरीबाई एवढंच म्हणाली, “पाण्यात उभी होती. एक पाऊल पुढं गेली असती तं गाळ होता.”

अनुप चिखलानं भरलेल्या पायांनी धानाच्या बांधीतून पळत आला आणि तासभर अंगणात बसून राहिला. मग म्हणाला, दिवाळी झाली की एक नोव्हेंबरला तिला नागपूरच्या वसतिगृहात ठेवायचं, तिथं भिंती उंच आहेत. जागा सांगून ठेवली आहे. अंजू पोळ्या लाटत राहिली. लाटलेलीच पोळी लाटत होती.

मी हात जोडले. तेव्हा म्हणाला, “बाबा, दिवाळीवरी तुमी काही करून पाहा. मले जास्त नाही पाहिजे. कुठं चालली, एवढं तरी तिनं सांगितलं पाहिजे.”

म्हणून लिहितो आहे. गोलूला तू ज्या यंत्रावर बोलायला शिकवतेस, ते आम्हाला जमेल का? मी सातवी पास. दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ, घड्याळं, टीव्ही उघडून उघडून शिकलो, कॉम्प्युटरचं झाकण मात्र कधी उघडलं नाही. फोनवर विचारलं असतं, पण माझ्या कानात फोन म्हणजे माशी. शिवाय घंटी वाजली की चंदा भिंतीवर डोकं आपटते, म्हणून अनुप आपला फोन गोठ्यात ठेवतो. तेव्हा पत्रच बरं.

तिची काळजी करू नको. आता ती घरातच असते. उंबरठ्यापर्यंत येते आणि परत फिरते.

तुझा
धनीराममामा


चिखला, ता. तुमसर
१२ ऑगस्ट २०२५

ती. मामांना रिताचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी दारात उभीच राहिले. आईनं विचारलं कोणाचं. वाचून दाखवलं तेव्हा तिनं देवापुढं दिवा लावला आणि मग गुडघ्यांना तेलही लावलं. तुमचा टोमणा बरोबर बसला. राजकुमारचा खोकला कमी आहे. गोलू छान आहे. माझी मान तशीच.

मामा, जमेल. राजकुमार सुटीत साकोलीला येतो आहे, त्याच्याबरोबर माझा जुना टॅब पाठवते. पाटीएवढाच आहे. त्यात चोवीस चौकोन आहेत. प्रत्येकात एक चित्र किंवा फोटो घालायचा आणि त्याखाली घरातल्या माणसाचा आवाज भरायचा. बोट ठेवलं की तो शब्द बोलतो. मशीनच्या आवाजाला आमचा गोलू घाबरायचा, म्हणून आवाज अंजूवहिनीचा भरा. तिच्या ओळखीच्या वस्तूंचे फोटो काढा. बाजारातल्या तक्त्यावरचं सफरचंद तिच्या काय कामाचं?

तीन गोष्टी सांभाळा. उजेड मंद ठेवा आणि आवाज अगदी बारीक. कोणतंही चित्र एकदा जिथं लावलं तिथून हलवू नका. आपल्या घरात कोणी रोज चूल दुसऱ्या कोपऱ्यात नेली तर आपण वेडे होऊ, त्यांचंही तसंच होतं. आणि तिचा हात धरून बोट टेकवू नका. तसं केलं तर ते तुमचं बोलणं झालं, तिचं नाही. तुम्ही तुमचं बोट ठेवून दाखवा आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा. मग पुन्हा दहा.

गोलूला पहिला शब्द यायला तीन महिने लागले होते. तुमच्याकडं दिवाळीपर्यंत अडीचच आहेत, हे मला कळतं.

आपली
रिता


सानगडी
२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रितास नमस्कार, आशीर्वाद.

घरचे सगळे बरे आहेत. शकुनबाईला सांग, दिव्यापेक्षा तेलाचा उपयोग जास्त.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते वाचून तू कपाळाला हात लावशील. यंत्र सुरू केलं, बोट टेकवलं, मला काहीच ऐकू आलं नाही. वाटलं बिघडलं. आवाज वाढवत वाढवत पार शेवटाला नेला. मला तेव्हा कुठं थोडंसं ऐकू आलं आणि चंदा किंचाळत खाटेखाली गेली. अंजू धावत आली, म्हणाली, “बाबा, अख्ख्या मोहल्ल्याले ऐकू गेलं.” बहिऱ्या माणसानं आवाजाचं बटण हातात घेऊ नये, एवढं त्या दिवशी शिकलो.

दुसरी चूक नेटची. शेजारच्या विमलाबाईचा बंटी म्हणाला, आबा, नेट लावा, तिला गाड्यांची चित्रं दाखवू. लावलं. आगगाडी चांगली चालली होती, मध्येच लाल-पिवळी जाहिरात उसळली, झगमग करत, नाचत. चंदानं स्वतःचं मनगट चावलं. रक्त आलं गं. आम्ही बाजारात लाउडस्पीकर ऐकत मोठे झालो, त्या उजेडाचं आम्हाला काहीच वाटत नाही, आणि तिच्या अंगावर तो चटक्यासारखा पडतो. त्या दिवसापासून नेट बंद आहे. तुझं चौकोनांचं काम त्याच्याशिवाय चालतं, हे बरं केलंस.

तिचं बोट एका ठिकाणी ठरत नव्हतं. तळहातच टेकवायची आणि चार शब्द एकदम बोलायचे. तेव्हा मला माझी विद्या आठवली. जुन्या रेडिओच्या पाठीला जो जाड पुठ्ठा असतो, तो घेतला. मापानं चोवीस चौकोन कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि टॅबवर बसवला. आता बोट आत गेलं की एकाच चित्रावर जातं. मी त्यांना खिडक्या म्हणतो.

फोटो आम्ही सगळ्यांनी मिळून काढले. भात, पाणी, मासे, खाट, गाय, अंजू, अनुप, मी, शेजारची विमलाबाई. ‘नाही’साठी माझा आडवा हात. ‘कुठं’साठी रस्ता. ‘संपलं’साठी रिकामी थाळी. अशा तेवीस खिडक्या भरल्या. चोविसाव्या खिडकीत काय लावावं ते सुचेना, ती तशीच राहिली. तुझ्या मामीचा फोटो डोळ्यासमोर आला होता, पण गेलेल्या माणसाचा फोटो जिवंत माणसांच्या ओळीत लावत नाहीत. विमलाबाईही तेच म्हणाली. ठेवला बाजूला.

तिचं वर्षश्राद्धही गेल्या आठवड्यात झालं. वर्ष कसं गेलं कळलं नाही. फोटो पेटीतून काढून हार घातला, तर चंदानं तो हार ओढून तोडला. फोटो पुन्हा पेटीत ठेवला.

आता आनंदाची गोष्ट. पाच-सहा दिवसांपूर्वी जेवण झालं. रोज ती थाळी फेकते. त्या दिवशी फेकली नाही. हात पुसला, खिडकीत बोट घातलं आणि ‘संपलं’ दाबलं. मला ऐकू आलं नाही, मी बोट पाहिलं. अंजूच्या हातातला तांब्या तसाच राहिला आणि पाणी पायावर सांडत राहिलं. नऊ वर्षांत पोरीनं घरात पहिला शब्द टाकला. आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत बसलो, जसं काही गोठ्यातली गाय बोलली.

तेव्हापासून दुपारी चारला ती ‘मासे’ दाबते. दोनदा, तीनदा. मी गोदावरीबाईकडून ताजे मासे आणतो, अंजू तळते, चंदा थाळी फेकते. मग त्या रिकाम्या खिडकीत बोट घालून घालून खेळत बसते. अनुप म्हणतो, “पाहा, इले काय पाहिजे थे इलेच माहीत नाही.” त्यानं वसतिगृहाचा फॉर्म भरून आणला आहे. चुलीवरच्या फळीवर ठेवला आहे, सगळ्यांना दिसेल असा.

तुझा मामा


चिखला
११ सप्टेंबर २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुमचा पुठ्ठ्याचा उपाय मी गोलूच्या आईला सांगितला. ती म्हणाली, मामांना इकडंच आणा. राजकुमार कॉलनीत कोणाचा जुना रेडिओ सापडतो का ते शोधत हिंडतो आहे. ‘संपलं’ची गोष्ट आईला तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, म्हणजे पोरगी इतके दिवस ऐकत होती तर.

मामा, दोन गोष्टी मनातून जात नाहीत.

एक, मासे. ती मागते आणि फेकते, तर तिला खायला नकोच आहेत. मग ‘मासे’ दाबून ती दुसरंच काही सांगत असेल. आपल्याजवळ जेवढे शब्द असतील तेवढ्यातच आपण बोलतो ना? रागावू नका, थांबून पाहा. ती कुठं बघते ते पाहा.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं, चंदा उंबरठ्यापर्यंत येते आणि परत फिरते. मी चंदाला जन्मापासून ओळखते. तिला एकदा जायचं असलं की ती दार, कुंपण, माणूस काहीच पाहत नाही. ती आपणहून परत फिरणारी पोर नाही. मामा, तिला काय परत फिरवतं?

रिता


सानगडी
२० सप्टेंबर २०२५

चि. रिता,

आज कोणाची तब्येत विचारत नाही.

दोर. हिरवा नायलॉनचा, खाटेच्या पायाला बांधलेला, दुसरं टोक तिच्या पायात. घोट्याला काचू नये म्हणून अंजूच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आहे. तलावावरून आणली त्याच दिवसापासून. दोराची लांबी मापून घेतली होती, उंबरठ्यापर्यंत पुरेल आणि बाहेर जाणार नाही अशी.

तुला वाटेल अनुपनं बांधला. त्याच्याच्यानं झालं नाही. तो गाठ मारायला बसला आणि उठून बाहेर गेला. गाठ मी मारली. रेडिओतली तार बांधायची गाठ, ओढली की आणखी आवळते. ती दोन महिने रोज चार वाजता उंबरठ्यावर येते, दोर ताणतो, ती थांबते. आणि मी तिथंच बाजूला बसून तिला यंत्र शिकवतो. तुला लाज वाटेल असा मामा आहे तुझा.

सोडला तर पाणी. नाही सोडला तर हे. मला तिसरं दिसत नाही.

धनीराम


चिखला
२८ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

पत्र वाचून मी रात्री जेवले नाही. आधी तुमचा राग आला. मग त्या पट्टीचं आठवलं, काचू नये म्हणून गुंडाळलेली, आणि राग कुठं ठेवावा ते कळेना. आईला मी हे पत्र दाखवलेलं नाही.

राग बाजूला ठेवून विचार केला, ते सांगते.

चार वाजता. मासे. रिकामी खिडकी. मामा, मामी रोज चार वाजता चंदाला घेऊन कुठं जायची?

तलावाच्या पाळीवर जायची, गोदावरीबाईच्या टोपलीशी गप्पा मारायला. मी आले की मलाही न्यायची. माझ्या फोनमध्ये एक फोटो सापडला. मामी दगडावर बसली आहे, बाजूला टोपली, आणि चंदा तिच्या पाठीला पाठ लावून बसली आहे. त्याची प्रत साकोलीकडं जाणाऱ्या माणसाबरोबर न पाठवता पाकिटातच घालते, हरवायला नको.

मला वाटतं, चंदाला आजी म्हणायचं आहे. तुमच्या तेवीस खिडक्यांत आजी नाही, म्हणून ती सगळ्यात जवळचा शब्द दाबते, मासे. आणि मग जिथं आजी असायला हवी, त्या रिकाम्या खिडकीत बोट घालते. मला खात्री नाही. पण ती पाण्यात बुडायला गेली नव्हती, हे आता मला पटतंय. ती आजीला बघायला गेली होती. तिला कोणी सांगितलं का, आजी गेली म्हणून?

हे मी विचारते आहे खरी, पण उत्तर मला माहीत आहे. मामी गेली त्या दिवशी चंदा ओरडत होती, घरात माणसं भरली होती. अंजूवहिनीला मीच म्हटलं होतं, तेरवी होईपर्यंत हिला दिघोरीला तुझ्या माहेरी ठेव, हिला काय कळतं. मी म्हटलं होतं, मामा. गोलूला शिकवते ती मी. ती परत आली तेव्हा घरात आजी नव्हती, आणि आपण सगळे असे वागलो जसं काही कधी नव्हतीच. वर्षभर ती शोधते आहे. सापडू नये म्हणून आपण तिला बांधलं.

तो फोटो खिडकीत लावा. रीत मोडेल, मोडू द्या.

रिता


सानगडी
२४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रितास मामाचा नमस्कार आणि मनापासून आशीर्वाद.

शकुनबाई बरी आहे ना? राजकुमार, गोलू? काल भाऊबीज झाली. तुझी आई येऊ शकली नाही, गुडघे म्हणाले असतील. तिची ओवाळणी मी बाजूला ठेवली आहे. उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला बसलो, दोनदा कागद घडी करून ठेवला. आज सगळं लिहितो, क्रमानं.

तुझं पत्र पोस्टमन तुलारामनं हातात दिलं आणि मी ओट्यावरच वाचलं. तसाच काठी घेऊन गोदावरीबाईकडं गेलो. विचारलं, चंदा त्या दिवशी नेमकी कुठं उभी होती? ती मासोळ्या निवडत होती, मान वर न करता बोलली, “तुमच्या बाईच्या दगडापाशी. पाऊस झाला, दगड पाण्यात गेला होता ना. थे पोरगी मासोळ्या घ्याले कधीच येत नव्हती बाप्पा. थे जागा पाहाले येत होती.” मी म्हटलं, मग तेव्हाच काहून सांगितलं नाही? ती म्हणाली, “तुमी कुठं विचारलं? तुमी म्हटलं, बुडाले गेली. मी म्हटलं, मोठ्या घरचे माणसं, त्याइले माहीत असन.”

रिता, मी तिथंच खाली बसलो. माझ्या बायकोची रोजची जागा मासेवालीला ठाऊक, नऊ वर्षांच्या पोरीला ठाऊक, आणि मी पंचेचाळीस वर्षं दुकानात रेडिओचे आवाज जुळवत राहिलो.

घरी येऊन दोर कापला. सोडता आला नाही, गाठ इतकी आवळली होती. मग तू पाठवलेल्या फोटोचा टॅबवर फोटो काढला आणि खिडकीत लावायला घेतला. ‘आजी’ हा आवाज अंजूनं एका दमात भरला. विमलाबाई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “भाऊजी, जित्या माणसाइच्या रांगेत मेलेलं माणूस बसवता? पोराचं आयुष्य आहे त्या रांगेत.” मी म्हटलं, वहिनी, चंदासाठी ती मेलीच कुठं आहे, तिला कोणी सांगितलंच नाही. विमलाबाई पदर डोळ्याला लावून निघून गेली.

चंदानं पुठ्ठ्याकडं पाहिलं. दुपारभर खिडकीला हात लावला नाही. कानांवर हात ठेवून हलत राहिली. मला वाटलं, आपण चुकलो, तूही चुकलीस.

चार वाजले. ती उठली. दोर नव्हता, तरी उंबरठ्यावर सवयीनं थांबली. पायाकडं पाहिलं. परत आली, यंत्र मांडीवर घेतलं आणि चोविसाव्या खिडकीत बोट घातलं. मग रस्त्याच्या चित्रावर बोट ठेवलं. आजी. कुठं. मी बोट पाहत होतो. पुन्हा आजी, कुठं. सात वेळा. चुलीपाशी बसलेल्या अंजूला ऐकू येत होतं. तिचाच आवाज होता, तिलाच विचारत होता. ती पदरात तोंड घालून रडली.

मी तू सांगितलेले दहा आकडे मोजले. ते तिच्यासाठी नव्हते, माझ्यासाठी होते. मग तिचा हात धरून पाळीवर घेऊन गेलो, यंत्र बगलेत. गोदावरीबाईनं टोपली सरकवून जागा केली. पाणी उतरलं होतं, दगड उघडा झाला होता. उन्हानं चित्र दिसेना, तेव्हा खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या डोक्यावरून घेतला. त्या सावलीत मी बोट ठेवलं, आजी. आणि मग रिकामी थाळी, संपलं. आमच्या पाटीवर मरणाला दुसरा शब्द नव्हता. शोधायला हवा होता, पण वर्षभर थांबवलेल्या पोरीला आणखी काय थांबवायचं.

तिनं थाळीकडं पाहिलं. दगडाकडं पाहिलं. मग स्वतः बोट ठेवलं. आजी. संपलं. रडली नाही, किंचाळली नाही. दगडावर पाठमोरी बसली, जशी त्या फोटोत बसली आहे, पण टेकायला पाठ नव्हती. म्हणून मी जाऊन तिच्या पाठीला पाठ लावली. सूर्य पाण्यात जाईपर्यंत आम्ही तसेच बसलो. गोदावरीबाईनं त्या वेळात एकही गिऱ्हाईक केलं नाही.

खरा धक्का घरी आल्यावर होता. चंदा यंत्र घेऊन अंजूपाशी गेली आणि दाबलं, आजी संपलं. गोठ्यात गाईपुढं जाऊन दाबलं. कुंपणाशी विमलाबाईला ऐकवलं. मग मला समजलं. ती घरोघर निरोप देत होती, गं. मरणाचा निरोप, जो तिला कोणी दिला नाही, तो ती आम्हाला देत होती. जसं काही आम्हालाच माहीत नव्हतं.

अनुप कापणीवरून आला, हातात विळा. तिनं त्याच्यापुढं यंत्र धरलं. इतक्या दिवसांत ती बापापुढं कधी उभी राहिली नव्हती. आजी. संपलं. त्यानं विळा खाली ठेवला. आई गेल्यावर हा पोरगा रडला नव्हता, चितेजवळसुद्धा नाही. अंगणात बसला आणि लहान लेकरासारखा रडला. चंदानं कानांवर हात ठेवले, पण गेली नाही. शेवटी म्हणाला, “बाबा, हे तं माह्या मायले पाहाले जात होती. आन् मी इले वसतिगृहात धाडून राहिलो होतो.”

त्यानंतर ती एकटी बाहेर गेली नाही. चारला मी किंवा अंजू पाळीवर नेतो, ती दगडाला हात लावते आणि परत येते. अनुपनं दिवाळीच्या दिवशी गोठ्यात जाऊन वसतिगृहाला फोन केला, जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणून. फॉर्म फळीवरून कधी गेला ते मी पाहिलं नाही. हिरवा दोर मात्र पाहिला. धानाच्या भाऱ्याला बांधला होता.

आता तुला एक विचारायचं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र आज टाकतो आहे.

आज सकाळी मी दाढी करत होतो. चंदा समोर येऊन बसली. माझ्या फोटोच्या खिडकीत बोट घातलं, आबा. मग रिकाम्या थाळीवर. संपलं. आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. रिता, ही पोर कोणाच्या तोंडाकडं पाहत नाही. साबण माझ्या गालावर वाळून गेला. तिला उत्तर हवं होतं.

मी आडव्या हातावर बोट ठेवलं, नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा ‘नाही’ म्हटलं. समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच आहे. ‘नाही’ म्हटलं तर उद्या मी खोटा ठरेन. या घरात तिच्याशी आता खोटं बोलायचं नाही. मला ‘अजून नाही’ म्हणायचं आहे. ‘अजून’ला चित्र काय लावतात? भरत आलेलं कणीस लावू, की अर्धी थाळी? आणि लावू कुठं? चोवीस खिडक्या भरल्या. मासे ती आता दाबत नाही. ती खिडकी रिकामी करता येईल, पण तूच म्हणाली होतीस, जागा हलवायची नाही.

गोलूला विचार, शकुनबाईला विचार, आणि लवकर लिही. उद्या सकाळी ती पुन्हा समोर येऊन बसेल.

तुझा
धनीराममामा